वादळाला नाव पडायच्या आत

ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. सासू-सासरे गणपती आटोपून पुण्याहून येतायत, दिवाळीच्या आधी परत जातील. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून ऑरलँडोला जायचं ठरवलंय, चार दिवस डिस्ने. मुलं ६ आणि ९ वर्षांची. विमानाची तिकिटं नऊ दिवसांपूर्वी काढली, १,४५० डॉलर भरून झाले. हॉटेल आणि पार्कची तिकिटं अजून घ्यायची आहेत, सगळं मिळून सहा हजारांच्या वर जातंय. आता ऑफिसमधली मैत्रीण म्हणते, ऑक्टोबर म्हणजे हरिकेनचा सीझन, वेडी आहेस का! नवरा म्हणतो, इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात, वादळ आलंच तर डिस्नेवाले पैसे परत देतात. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झालीय, सासूबाई इन्सुलिन घेतात. त्यांना किल्ल्यासमोरची आतषबाजी बघायचीय, दोन वर्षं हेच म्हणतायत. जावं का? विमा घ्यावा का? की त्यांना थोडं थांबवून घेऊन नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनाची शाळेला सुट्टी असते तेव्हा जावं?

प्रिय एडिसनकर,

ताई म्हटलंस म्हणून अगं-तुगं करते, चालेल ना? तुझ्या पत्रातले सगळ्यात महत्त्वाचे शब्द तू जाता जाता लिहिलेस: ‘नऊ दिवसांपूर्वी’. त्यावर येते. आधी तुझ्या मैत्रिणीचं बघू.

ती चूक नाही. अटलांटिकचा हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्यातला खरा जोराचा काळ ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे तुमचा आठवडा त्यातच येतो. पण ऑरलँडो समुद्रावर नाही, हे ती विसरली. दोन्ही किनारे तिथून दूर आहेत. वादळात फार जीव घेते ती किनाऱ्यावर चढणारी समुद्राची लाट, आणि ती तिथवर पोचत नाही. वारा पोचतो, पाऊस पोचतो, वीज जाते, सखल भागात पाणी साचतं. १९७१ साली उघडल्यापासून तिथलं डिस्ने हरिकेनमुळे मोजक्याच वेळा बंद राहिलंय. पहिल्यांदा १९९९ मध्ये, फ्लॉइडच्या वेळी. २००४ हे वर्ष वाईट गेलं, सहा आठवड्यांत चार्ली, फ्रान्सिस आणि जीन अशी तीन वादळं मध्य फ्लोरिडावरून गेली. अलीकडची म्हणजे २०२२ चं इयान आणि २०२४ चं मिल्टन. बंद म्हणजे साधारण एक-दोन दिवस. पण तुम्ही चारच दिवस जाणार, त्यातले दोन गेले तर निम्मी सहल गेली.

तरी मी म्हणेन, जा. त्या आठवड्यात वादळ नेमकं ऑरलँडोवर येण्यापेक्षा न येण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. नोव्हेंबरचं म्हणशील, तर ती सुट्टी साऱ्या न्यू जर्सीला एकदमच मिळते. त्या आठवड्याला तिकडे ‘जर्सी वीक’च म्हणतात, इतकी तुमच्याकडची माणसं तिथे लोटतात. रांगा लांब, भाव चढे. शिवाय सासू-सासऱ्यांची परतीची तिकिटं बदलायची, दिवाळी हुकवायची. आणि एवढं करून खात्री कुठली? निकोल हे वादळ २०२२ मध्ये १० नोव्हेंबरला फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं होतं.

आता विमा. त्यातच ते नऊ दिवस येतील.

वादळाचा विमा वादळाला नाव पडायच्या आत घ्यावा लागतो. नाव पडलं की विमा कंपनीच्या लेखी ते वादळ ‘माहीत असलेलं’ संकट होतं, आणि त्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत त्या वादळाचं काहीही धरत नाहीत. लोक अडकतात ते इथेच. मी फ्लोरिडातच, टँपाला राहते आणि हे माझ्या सख्ख्या भावाच्या घरात घडलेलं बघितलंय.

सप्टेंबर २०२२. भाऊ, वहिनी आणि दोन मुलं डॅलसहून २५ तारखेला ऑरलँडोला यायची होती. २४ ला सकाळी मीच त्याला फोन केला, अरे समुद्रात काहीतरी शिजतंय, इन्शुरन्स घेऊन टाक. त्याने चहा पिता पिता घेतला. आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं की आदल्या रात्री अकराच्या, हरिकेन केंद्राच्या बुलेटिनमध्ये त्या वादळाचं ‘इयान’ असं बारसं होऊन गेलंय. एका रात्रीचं अंतर! परतीचं विमान रद्द झालं, दोन रात्री जास्त राहावं लागलं. हॉटेल, जेवण, गाडीचे वाढीव दिवस मिळून ७४० डॉलर गेले. क्लेम फेटाळल्याच्या पत्रात दोन तारखा शेजारी शेजारी छापल्या होत्या, वादळाला नाव पडल्याची आणि पॉलिसी सुरू झाल्याची. त्याने ते पत्र मला दाखवलं तेव्हा मला फार अपराधी वाटलं, कारण फोन माझाच होता. तो दहा दिवस आधी केला असता तर?

त्या वेळी अंदाज होता की इयान थेट टँपावर येणार. आमच्या भागाला घरं सोडायला सांगितलं, म्हणून २७ ला मी आणि माझे मिस्टर भावाच्याच हॉटेलवर गेलो. एका खोलीत सहा जणं. दुपारी हॉटेलची मुलं तलावाकाठच्या खुर्च्या उचलून आत रचत होती. दाराखालून चिठ्ठी सरकवलेली, की अमुक वाजल्यापासून खोलीतच थांबा, नाश्ता पिशवीतून मिळेल. वहिनीने पहिलं काय केलं असेल, तर न्हाणीघरातला टब धुऊन पाण्याने भरून ठेवला, लातूरचा उन्हाळा काढलेली बाई ती. डॅलसहून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस पुरली. २८ ला दुपारी वादळ कायो कोस्टा बेटाला लागलं, टँपाच्या बरंच दक्षिणेला. फोर्ट मायर्सची वाताहत झाली आणि माझ्या अंगणातली कुंडीसुद्धा पडली नाही. ऑरलँडोत मात्र रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी पडदा सारला तर पार्किंगमध्ये पाणी, आणि धाकटा भाचा मिकीचे कान लावून खिडकीशी बसलेला, “आज तरी उघडेल का गं आत्या?” पार्क बंद होता. विमानतळ २८ ला सकाळीच बंद केलेला, तो ३० ला सुरू झाला.

हे घाबरवायला सांगत नाही. अशा वेळी अंगावर काय येतं ते कळावं म्हणून सांगते. आम्हाला जिवाची भीती वाटली नाही. वाटली ती कंटाळलेल्या मुलांची, लांबलेल्या मुक्कामाची आणि वाढत्या बिलाची. तुमच्या बाबतीत त्यात औषधांची भर पडेल.

अंदाजाचा नकाशा बघताना एक लक्षात ठेव. मायामीचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र पुढच्या पाच दिवसांचा जो पांढरा शंकू दाखवतं, तो वादळाची रुंदी नसतो. वादळाचा मध्य साधारण तीनातल्या दोन वेळा त्या शंकूच्या आत राहतो, एवढाच त्याचा अर्थ. पाऊस-वारा शंकूच्या बाहेरही असतो, आणि शंकूच्या आत असून आमच्यासारखे कोरडे राहणारेही असतात. आणि वेळ फार मिळत नाही. मिल्टनला नाव पडलं ५ ऑक्टोबर २०२४ ला, ७ ला ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं आणि ९ ला रात्री फ्लोरिडाच्या ‘सिएस्टा की’ या बेटावर धडकलं. नावापासून धडकेपर्यंत चार दिवस! आपल्याकडे ‘निसर्ग’ तर २ जून २०२० ला चक्रीवादळ म्हणून जाहीर झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर होतं, तुझ्या सासऱ्यांना आठवत असेल.

आता नवरोबांचं म्हणणं. डिस्ने पैसे देतं हे अर्धं खरं आहे. त्यांचा नियम असा, की तुम्ही पोचायच्या आधीच्या सात दिवसांत हरिकेन केंद्राने ऑरलँडो भागासाठी किंवा तुम्ही राहता तिथे हरिकेनचा इशारा जारी केला, तर त्यांच्याकडे केलेलं बुकिंग दंड न भरता पुढे ढकलता किंवा रद्द करता येतं. पण इशारा याचा अर्थ खरोखरचा ‘वॉर्निंग’, आणि तो वारे पोचायच्या साधारण ३६ तास आधी येतो. त्याच्या आधी चार दिवस टीव्हीवर लाल-पिवळे नकाशे फिरत असतात, तेवढ्याने काही होत नाही. दुसरं म्हणजे हे फक्त डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेल-पॅकेजला लागू. तुमचं विमान, बाहेरचं हॉटेल, भाड्याची गाडी यांचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही बाहेरचं हॉटेल बघत असाल, तर डिस्नेच्या स्वस्तातल्या हॉटेलांचा भावही एकदा काढून बघ. फरक थोडा असेल तर मी तो देईन. बाहेरचंच घेतलंस तर आदल्या दिवसापर्यंत फुकट रद्द होणारंच घे. आगाऊ पैसे भरून रात्रीमागे वीस-पंचवीस डॉलर वाचतात, त्या मोहात या मोसमात पडू नकोस.

म्हणजे विम्याचा विचार करायच्या आधी कागद घे आणि परत न मिळणारे पैसे मोज. पूर्ण सहलीचा खर्च नव्हे. हॉटेल रद्द होणारं घेतलंस तर तिथे शून्य. गाडीचे पैसे तिथे गेल्यावर द्यायचे, शून्य. पार्कची तारखेची तिकिटं परत घेत नाहीत, पण अजिबात न वापरलेल्या तिकिटाची रक्कम पुढच्या खरेदीत वळती करून मिळते, तेव्हा ते पैसे बुडत नाहीत, अडकतात. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केलं, किंवा देशातल्या देशात तीन तास किंवा जास्त हलवलं आणि तुम्हाला ते नको असेल, तर पैसे रोख परत द्यावे लागतात, मग कारण हवामान का असेना. म्हणून वादळाची बातमी आली की घाईघाईने आपण होऊन तिकीट रद्द करायचं नाही! आपण रद्द केलं तर फार तर पुढच्या प्रवासासाठी क्रेडिट मिळतं, आणि सगळ्यात स्वस्त भाड्यात तेही बहुधा नाही. त्यांनी रद्द केलं तर पैसे. शिवाय वादळाचा अंदाज आला की विमान कंपन्या बहुतेक वेळा दंड न घेता तारीख बदलायची सवलत जाहीर करतात, तिची वाट बघ.

एवढं केल्यावर तुझ्या सहा हजारांतले खऱ्या अर्थाने धोक्यातले पैसे निम्म्याहूनही कमी उरतील. मग विमा घ्यायचा कशासाठी?

इथे तुला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विमा विकणारं कुणी सांगत नाही. साध्या पॉलिसीत ‘वादळामुळे रद्द’ म्हणजे काय, हे वाचून बघ. विमानसेवा ठरावीक तास बंद पडली, मुक्कामाची जागा राहण्याजोगी उरली नाही, किंवा प्रशासनाने भाग रिकामा करायचा हुकूम काढला, यातलं काहीतरी घडावं लागतं. पार्क बंद झाला हे सहसा कारण धरत नाहीत. भीती वाटली, हे तर नाहीच. ऑरलँडो आतल्या बाजूला असल्यामुळे तिथे सरसकट घरं सोडायचा हुकूम क्वचितच निघतो. म्हणजे तुमच्या बाबतीत वादळाचा क्लेम मिळेल तो बहुतेक विमान अडकल्याचा, आणि भावासारख्या वाढलेल्या मुक्कामाचा. भीती वाटली म्हणूनही रद्द करता यावं असं वाटत असेल, तर ‘कॅन्सल फॉर एनी रीझन’ हा जोड प्रकार असतो. त्यात निघायच्या साधारण ४८ तास आधी रद्द करावं लागतं, पैसे ५० ते ७५ टक्केच परत मिळतात आणि हप्ता बराच वाढतो. धोक्यातली रक्कम कमी केलीस तर तुला त्याची गरज नाही, असं माझं मत आहे.

पण साधी पॉलिसी घे. वादळासाठी नव्हे, सासऱ्यांसाठी. ऑरलँडोवर वादळ येण्यापेक्षा निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांच्या छातीत दुखून तुम्हाला सगळ्यांना घरी थांबावं लागण्याची शक्यता मला जास्त वाटते. अशुभ बोलत नाही, माझे वडीलही हृदयाचे पेशंट होते. घरच्या माणसाच्या आजारपणामुळे सहल रद्द झाली तर साध्या पॉलिसीत पैसे मिळतात आणि ‘घरच्या माणसांत’ सासू-सासरे सहसा धरतात, पण ती व्याख्या वाचून घे. अडचण येते जुन्या आजाराची, तो साध्या पॉलिसीत सहसा धरत नाहीत. जुन्या आजाराची अट माफ करून घ्यायची, तर सहलीचे पहिले पैसे भरल्यापासून बहुधा १४ ते २१ दिवसांच्या आत पॉलिसी घ्यावी लागते. ‘एनी रीझन’लाही हीच मुदत असते. तुझे नऊ दिवस गेले. चौदाचा नियम धरला तर पाच उरले. हप्ता सहसा विमा उतरवलेल्या रकमेच्या ४ ते १० टक्के येतो. विमान आणि पार्कची तिकिटं एवढ्याचाच विमा उतरवलास तर तो सहलीच्या एका दिवसाच्या खर्चापेक्षा कमीच राहील. त्याआधी तुझं क्रेडिट कार्ड बघ. कित्येक कार्डांवर प्रवास रद्द किंवा खंडित झाल्याचं संरक्षण असतं, पण तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं. ते भरभक्कम असेल आणि सासऱ्यांसारख्या जुन्या आजारालाही चालत असेल, तर नवरोबांचं म्हणणं मान्य कर आणि वेगळी पॉलिसी घेऊ नकोस.

सासू-सासऱ्यांचं मात्र पूर्ण वेगळं. इथल्या सहलीच्या पॉलिसी बहुतेक इथे राहणाऱ्यांसाठी असतात, त्या दोघांना त्यात घालता येईलच असं नाही. त्यांना हवा तो आजारपणाचा विमा, आणि तो ऑरलँडोपुरता नाही, पुण्याच्या विमानतळावर पाऊल ठेवल्यापासून परत पोचेपर्यंतचा. यावर घरात चर्चाच नको. इथल्या आपत्कालीन विभागात एक रात्र काढली तरी बिल तुमच्या सगळ्या सहलीपेक्षा मोठं येऊ शकतं. पुण्याहून घेतलीत किंवा इथून घेतलीत, तीन गोष्टी बघ. दर आजाराला ठरावीकच रक्कम देणारी स्वस्त पॉलिसी घेऊ नका, ती बिलाच्या कोपऱ्यालाही पुरत नाही. जुन्या आजाराने अचानक उचल खाल्ली तर पॉलिसी किती रक्कम देते ते विचार, तिथेच बऱ्याच पॉलिसी हात आखडता घेतात आणि वय वाढलं की ती रक्कम उतरते. आणि अँजिओप्लास्टी, मधुमेह हे फॉर्मवर खरं लिहा. ‘कशाला सांगायचं, बरे आहेत की’ असं सासरे म्हणतील. त्यांना म्हणावं, लपवलं तर क्लेम पहिल्या पानावर मरतो.

बॅगेतलं थोडं. दोघांची औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची, आणि सगळी हातातल्या बॅगेत. वादळाच्या आदल्या दिवशी औषधांची दुकानं लवकर बंद होतात आणि पुण्याची चिठ्ठी इथे चालत नाही. डॉक्टरांकडून औषधांची मूळ नावं टाईप करून घ्या. इन्सुलिनसाठी गार ठेवणारी पिशवी आणि रुंद तोंडाचा थर्मास. वीज जायच्या आत हॉटेलच्या मशिनमधून बर्फ भरून घ्यायचा आणि इन्सुलिन बर्फाला थेट टेकू द्यायचं नाही, ते गोठलं की वाया गेलं. टॉर्च, फोनची बॅटरी. वादळ आलं नाही तरी दुपारच्या गडगडाटी पावसासाठी रेनकोट घेऊनच जा, पार्कात विकत घ्यायला महाग पडतात. विजा जवळ आल्या की उघड्यावरच्या राईड्स थांबवतात, तेव्हा दुपारी आत बसून बघायचं काहीतरी ठेवा. सासऱ्यांनाही ते बरं.

आणि घरात आजच एक ठरवून टाका, रद्द करायचं की नाही हे कोण आणि कधी ठरवणार. निघायच्या तीन दिवस आधीचं संध्याकाळी पाचचं हरिकेन केंद्राचं बुलेटिन बघायचं आणि तू आणि नवऱ्याने मिळून ठरवायचं. ऑफिसातली मैत्रीण नको, व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप नको. सासू-सासऱ्यांना हे येण्याच्या आधीच फोनवर सांगून ठेव, की असं होऊ शकतं, झालं तर पैसे बुडणार नाहीत, आपण घरी बसून पुरणपोळ्या करू. पाहुणे म्हणून आलेल्या वडीलधाऱ्यांना ‘आमच्यामुळे यांचा खर्च वाया गेला’ हे फार लागतं. ते तोंडाने बोलत नाहीत.

राहिली आतषबाजी. बहुतेक कुटुंबं ती शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. तुम्ही पहिल्याच संध्याकाळी जा. विमानातून उतरून दमलेले असाल तरी जा. सासूबाईंसाठी व्हीलचेअर भाड्याने घ्या, लाजू नका. तास-दीड तास आधी किल्ल्यासमोर जागा धरा, सोबत त्यांच्या खाण्याचा डबा असू दे, साखर उतरायला नको. पुढच्या तीन दिवसांत पाऊस येवो की वादळ, त्यांचं बघून झालेलं असेल.

पाच दिवस आहेत हं. परत आल्यावर लिही.

— तुझी ताई